विद्यापीठाच्या आवारातली नवी इमारत : पुण्याचे ऊन, वारा, पाणी आणि पन्नास वर्षांचे वीजबिल

ओसरी

पुण्यातल्या एका शैक्षणिक संस्थेच्या इमारत समितीवर वास्तुरचनेची शिक्षिका या नात्याने माझी नेमणूक झाली आहे. आवारात चार मजली शैक्षणिक इमारत आणि तिच्याजवळ तीनशे विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभारायचे आहे. इमारत पर्यावरणपूरक असावी, हे पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवले गेले आणि त्यावर कोणाचेही दुमत नव्हते. मला चिंता वाटते ती याचीच, कारण प्रत्येकाच्या मनातली पर्यावरणपूरक इमारत निराळी आहे. कोणाला गच्चीवर सौर पॅनेल हवे आहेत, कोणाला मानांकनाची पाटी, तर कोणाला दर्शनी बाजूला मजल्यांच्या उंचीची काच. वास्तुविशारदाची नेमणूक अजून व्हायची आहे, म्हणजे बदल करायला हीच वेळ आहे. म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : शैक्षणिक आवारातल्या इमारतीचा मालक, ती वापरणारा आणि तिचे वीजबिल भरणारा एकच असतो. विकण्यासाठी बांधणारा इमारत विकून मोकळा होतो. विद्यापीठाला तीच इमारत पन्नास-साठ वर्षे सांभाळायची असते. त्यामुळे जाड भिंत, खोल छज्जा, सावलीचा व्हरांडा यांवर आज केलेला खर्च ज्याच्या पदरात पडतो तो स्वतः विद्यापीठच असतो. व्यवहारात मात्र बांधकामाचा निधी अंदाजपत्रकातल्या एका शीर्षाखाली येतो आणि वीज, पाणी, देखभाल यांचा दुसऱ्या. अनुदान ठरावीक मुदतीत खर्ची पडले पाहिजे, असाही तगादा असतो. छज्जा कापून वाचलेले पैसे लगेच अंदाजपत्रकात दिसतात. त्या छज्ज्याअभावी पुढे बसवाव्या लागणाऱ्या वातानुकूलन यंत्रांचे पैसे त्या वेळी कोणाच्याच कागदावर नसतात. पर्यावरणपूरक इमारतींचे बहुतेक सगळे नुकसान या दोन शीर्षांच्या मधल्या जागेत होते, असे माझे मत आहे.

पुण्याचे हवामान तर अशा इमारतींना विलक्षण अनुकूल आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरचे हे पठार एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांपर्यंत तापते, पण पहाटेपर्यंत पारा पंधरा-सोळा अंशांनी उतरतो. उन्हाळ्यातली हवा मुंबईसारखी दमट नसते आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. दिवस आणि रात्र यांतला हा फरक भिंतीत साठवता आला, म्हणजे रात्री गार झालेली भिंत दुपारची उष्णता शोषून घेईल अशी व्यवस्था करता आली, तर बहुतांश वर्गखोल्यांना पंख्यापलीकडे काही लागू नये.

याची उदाहरणे गणेशखिंडीतच आहेत. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत १८६४ ते १८७१ या काळात मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधली गेली. तिच्या जाड दगडी भिंती आणि कमानींचे व्हरांडे यांतून हिंडताना बाहेरच्या आणि आतल्या हवेतला फरक अंगाला जाणवतो. त्याच आवारात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेले आयुका हे खगोलशास्त्राचे संशोधन केंद्र आहे. त्याच्या भिंती इथल्याच काळ्या बसाल्टच्या आहेत, त्यावर कडाप्पा आणि सर्वांत वर चकचकीत ग्रॅनाइट, अशा काळ्या रंगाच्या तीन छटा वर वर गडद होत जातात. मधल्या कुंडाभोवती फिरणाऱ्याला सावली आणि मोकळी हवा सोडून फारसे जावे लागत नाही. दोन इमारतींमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि शैली पूर्णपणे वेगळ्या आहेत. दोघींनीही जमिनीतला दगड आणि डोक्यावरचे ऊन मात्र गांभीर्याने घेतले आहे.

समितीपुढे काय मागण्या ठेवाव्यात, याबद्दल जाणकारांची मते हवी आहेत. विरोधी मते अधिक उपयोगी पडतील.

उत्तरायण

सर्वांत आधी दिशा ठरवून घ्या, कारण ती एकदा चुकली की पुढचे सगळे उपाय मलमपट्टीचे ठरतात. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, विषुवदिनी साडेएकाहत्तर अंशांवर. मेच्या मध्यास तो नेमका डोक्यावर येतो, त्यानंतर किंचित उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा डोक्यावरून दक्षिणेकडे परततो.

याचा व्यावहारिक अर्थ असा की दक्षिणेकडच्या दीड मीटर उंचीच्या खिडकीवर, तिच्या माथ्यालगत, अवघ्या ५० सेंटिमीटरचा छज्जा दिला तरी मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचे ऊन आत येत नाही. हिवाळ्यात ते हळूहळू आत शिरते, आणि पुण्याच्या हिवाळ्यात सकाळच्या तासांना ते नकोसे वाटत नाही. उत्तरेच्या खिडकीला याहून कमी संरक्षण पुरते.

पश्चिमेचे गणित पूर्णपणे वेगळे आहे. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरत समोरून येतो आणि आडवा छज्जा मीटरभर पुढे काढला तरी किरण त्याच्या खालून सरळ आत येतात. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाडे लागतात. त्याहून उत्तम म्हणजे त्या बाजूला जिने, स्वच्छतागृहे, भांडार अशा ज्या जागी माणसे फार वेळ बसत नाहीत त्या ठेवाव्यात. माझे कामाचे ठिकाण अशा एका आवारात आहे (नाव घेत नाही) जिथे अभ्यासिकेची पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची आहे. मार्च उजाडला की मुले काचेवर चार्टपेपर चिकटवतात, त्यामुळे आत अंधार होतो, म्हणून भर दुपारी दिवे लागतात, आणि वातानुकूलन यंत्र बाहेरच्या उन्हाबरोबर त्या दिव्यांची उष्णताही उपसत राहते. चिकटपट्टीचे पिवळे डाग तावदानांवर वर्षानुवर्षे साचले आहेत. प्रकाशासाठी बसवलेल्या काचेमुळे दिवे लावावे लागणे, ही रचनेतली चूक आहे; वापरणाऱ्यांच्या सवयीला दोष देऊन ती झाकता येणार नाही.

इमारतीचा लांब अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा आणि रुंदी आटोपशीर ठेवा. वर्गाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या मिळाल्या तरच वारा आरपार जातो. मध्ये बंद मार्गिका आणि दोन्हीकडे खोल्या अशी रचना क्षेत्रफळ वाचवते, पण वारा तिथेच अडतो.

त्रिकला

विद्युत अभियंता म्हणून वेगळी बाजू मांडतो. वर दिलेले सगळे वर्गखोल्यांना लागू आहे. आजच्या शैक्षणिक इमारतीतला मोठा विजेचा भार मात्र प्रयोगशाळा, संगणककक्ष आणि सर्व्हर यांचा असतो. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता स्थिर ठेवावीच लागते. तिथे पश्चिमेचा वारा घेऊन चालत नाही. नैसर्गिक वायुवीजनाचा आग्रह सरसकट धरलात तर दोन वर्षांत प्रत्येक खिडकीबाहेर एकेक सुटे यंत्र लटकलेले दिसेल, आणि ती स्थिती नियोजित वातानुकूलनापेक्षा वाईट असते.

दुसरा मुद्दा सौर पॅनेलांचा. एक किलोवॉटला गच्चीवर अंदाजे दहा चौरस मीटर जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरेच कमी. आता पंख्यांचा हिशेब पाहा. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा ३० वॉट. शैक्षणिक इमारत आणि वसतिगृह मिळून पाचशे पंखे धरले आणि ते रोज आठ तास चालले, तर फक्त पंखे निवडण्यातून दिवसाला १८० युनिट वाचतात. तेवढी वीज निर्माण करायला ४५ किलोवॉटचा सौर प्रकल्प आणि साडेचारशे चौरस मीटर गच्ची लागेल. पॅनेल जरूर बसवा, पण आधी भार कमी करा आणि उरलेल्या भारासाठी पॅनेल मोजा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, कारण पॅनेल दिसतात आणि पंखा दिसत नाही.

ओसरी

त्रिकला यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यातून आरेखनाला एक चांगली शिस्त मिळते. ज्या खोल्यांना यंत्राने गार केलेली हवा लागणारच आहे त्या एकत्र, एकावर एक, शक्यतो उत्तरेकडे ठेवाव्यात. तिथली भिंत आणि छत उष्णतारोधक करावे, म्हणजे यंत्रणा लहान आणि नियंत्रित राहील. उरलेल्या खोल्या मोकळ्या वाऱ्याच्या असाव्यात. आज होते ते असे की दोन प्रयोगशाळांना केंद्रीय वातानुकूलन लागते म्हणून सगळी इमारत त्याला जोडली जाते.

मोकळ्या वाऱ्याच्या खोलीत माणसाला किती तापमान सुसह्य वाटते, याचे भारतीय मोजमाप आता उपलब्ध आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात देशातल्या कार्यालयांच्या पाहणीवरून तयार झालेले प्रारूप २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत घेतले गेले आहे. त्यानुसार बाहेरचे अलीकडच्या दिवसांचे सरासरी तापमान ३० अंश असेल, तर नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत लोकांना २९ अंशांच्या आसपास समाधान वाटते. शरीर ऋतूशी जुळवून घेते, ही गोष्ट त्यात मान्य केली आहे. चोवीस अंश हाच आरामाचा एकमेव आकडा समजून खोल्या आखल्या, तर पुण्यातही बारा महिने यंत्र लागेल.

काळा पाषाण

पाण्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. भूजलाच्या क्षेत्रात काम करत असल्यामुळे आवारांमध्ये वारंवार आढळणारा एक गैरसमज आधी दूर करतो.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या वसतिगृहाची गच्ची १,२०० चौरस मीटर धरली आणि वीस टक्के पाणी वाया गेले असे मानले, तर हाती येते सुमारे पावणेसात लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. पण संहितेप्रमाणे वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे तीनशे मुलांना दिवसाला ४०,५०० लिटर. वर्षभराचा गच्चीवरचा पाऊस जेमतेम सोळा-सतरा दिवस पुरतो. पावसाचे पाणी अवश्य साठवा आणि मुरवा. त्यावर वसतिगृह चालेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

खरी बचत वापरलेल्या पाण्यात आहे. त्या १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर शौचालयाच्या टाकीत जातात, म्हणजे रोज १३,५०० लिटर पिण्यायोग्य पाणी थेट सांडपाण्यात. अंघोळीचे आणि कपडे धुण्याचे पाणी साध्या प्रक्रियेनंतर याच कामाला पुरून उरेल, परंतु त्यासाठी अंघोळीची आणि शौचालयाची सांडपाण्याची नळमार्गिका पहिल्या दिवसापासून वेगळी हवी, आणि टाक्यांना पाणी देणारी नळमार्गिकाही वेगळी हवी. हे बांधताना केले तर खर्च फारसा वाढत नाही. नंतर करायचे म्हटले तर प्रत्येक मजल्यावरच्या फरशा उकराव्या लागतात, आणि म्हणून ते कधीच होत नाही.

आता मुरवण्याबद्दल. आपल्या पायाखाली बसाल्ट आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण, असा हा थर जागोजागी बदलतो. शंभर पावलांवर चित्र वेगळे असू शकते. शोषखड्डा कुठे घ्यायचा हे वाहनतळाच्या सोयीने ठरवले जाते. खालचा पाषाण घट्ट निघाला तर तो खड्डा पावसाळाभर नुसता भरलेला राहतो आणि त्यात डास होतात. इमारतीच्या पायासाठी खोदाई होणारच आहे. त्या वेळी भूगर्भतज्ज्ञाला एकदा बोलावून कडा पाहून घ्यायला सांगा. पाया भरण्यापूर्वीच्या त्या थोड्या दिवसांत जमीन जे दाखवते ते नंतर कोणत्याही नकाशावर दिसत नाही. मुरूम किंवा भेगाळलेला थर जिथे जाड असेल तिथे पाणी न्या. बंद पडलेल्या कूपनलिकेत गच्चीचे पाणी सोडणार असाल तर आधी वाळू-खडीची गाळणी आणि पहिल्या सरींचे पाणी बाहेर काढणारी झडप लागते. रस्त्यावरचे व वाहनतळावरचे पाणी त्यात चुकूनही सोडू नये. ते तेलासकट सरळ भूजलात उतरते आणि मग ते कोणाला काढता येत नाही.

चौकट

नवी इमारत खरोखर लागते का, हा प्रश्न समितीत विचारला गेला होता का? एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला मोठा भाग इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो, म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. उभी असलेली इमारत दुरुस्त करून वापरली तर तेवढे सिमेंट आणि पोलाद लागतच नाही.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली आहे. जुन्या महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांना उंच छत असते आणि भिंतीच्या माथ्याशी, छताच्या जरा खाली, आडव्या झडपेचे झरोके असतात. झडप मध्यावर फिरते. तिला बांधलेली दोरी खाली भिंतीतल्या पितळी आकड्याला गुंडाळलेली असते. शिपाई सकाळी दोरी सोडत असे, गरम हवा वरून निघून जात असे. पुढे कधीतरी वातानुकूलन येते, जिप्समचे खोटे छत येते, आणि हे झरोके त्या छताच्या वर कायमचे बंद होतात. पितळी आकडा मात्र रंगाच्या थरांखाली भिंतीतच असतो. यंत्र बंद पडले की ती खोली बसण्यालायक राहत नाही, आणि लोक म्हणतात की जुन्या इमारतीत उकडते. अशा खोल्यांचे छत उतरवून, झरोके मोकळे करून आणि गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या चिनी मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांचा) थर देऊन पाहा. नव्या बांधकामाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

गवंडी

सरकारी आणि संस्थांच्या बांधकामांवर अनेक वर्षे देखरेख केली आहे, त्यावरून लिहितो. वरच्या सूचना उत्तम आहेत, पण त्या निविदेत कशा उतरतील याचा विचार आधी करावा लागतो.

अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून तयार होते. जी बाब दरसूचीत नाही तिचे दर-विश्लेषण करून स्वतंत्र मंजुरी घ्यावी लागते. अभियंत्याला मुदत पाळायची असते, त्यामुळे चुन्याचा गिलावा, घडीव दगडाची भिंत, वळणाऱ्या झडपांच्या खिडक्या अशा बाबी पहिल्याच फेरीत वगळल्या जातात आणि त्यांच्या जागी दरसूचीतली सरकखिडकी येते. दोन तावदानांची सरकखिडकी अर्ध्याहून अधिक उघडत नाही, म्हणजे वाऱ्याची वाट कागदावरच निम्मी होते. मंजुरीचे हे काम वास्तुविशारदाच्या करारातच लिहून घ्या आणि त्याला वेळ द्या.

रात्री खिडक्या उघड्या ठेवून भिंती गार करायच्या, हे तत्त्व बरोबर आहे. परंतु प्रत्येक आवारात सहा वाजता सुरक्षारक्षक सगळ्या खिडक्या लावून घेतो, कारण चोरी झाली किंवा पाऊस आत आला तर जाब त्याला द्यावा लागतो. त्याचे काही चुकत नाही. म्हणून खिडकीच्या वर किंवा खाली कायम उघडे राहील असे वेगळे झरोके हवेत, ज्यांना लोखंडी जाळी असेल, डासांची जाळी असेल आणि पावसाची झड अडवणाऱ्या तिरक्या पट्ट्या असतील. डासांच्या जाळीने वारा बराच कमी होतो, तेव्हा झरोक्याचे क्षेत्रफळ त्या हिशेबाने वाढवून घ्यावे.

सांडपाणी प्रकल्पांची अवस्था सांगायला हवी. एका वसतिगृहात प्रकल्प व्यवस्थित बसवला होता. दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) संपला, चालवणारा माणूस गेला, पंप जळाला, आणि दुरुस्तीसाठी कोणत्याच शीर्षाखाली तरतूद नव्हती. पाणी आता थेट गटारात जाते. निविदेत बांधणीबरोबर पाच वर्षांचे संचालन समाविष्ट करा आणि रकमेचा काही भाग दर तिमाहीला, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा दर्जा तपासूनच द्या.

टेकडी

झाडांविषयी एवढेच : जागेवर उभी असलेली सगळी झाडे, त्यांच्या घेरासह, आधी मोजून आराखड्यावर दाखवायला सांगा. पश्चिमेला चिंच किंवा कडुनिंब उभा असेल तर इमारत सरकवा. बुंधा वाचवला पण सगळ्या बाजूंनी मुळांवरून चर खोदले आणि काँक्रीट ओतले, तर ते झाड काही वर्षांत आपोआप वाळते आणि तेव्हा कोणी परवानगीही मागत नाही. बदल्यात लावलेली रोपे पश्चिमेच्या भिंतीवर सावली धरायला पंधरा-वीस वर्षे घेतात. तोवर त्या इमारतीतून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या उन्हात शिकून गेलेल्या असतील.

त्रिकला

मानांकनाबद्दल कोणी बोलले नाही. टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी विकसित केलेले ‘गृह’ (GRIHA) हे हरित इमारतींचे मानांकन भारतीय हवामानासाठी आखलेले आहे आणि विनावातानुकूलित इमारतींनाही ते लागू होते. पुण्यात हडपसरच्या सुझलॉन वन अर्थ या कार्यालयीन इमारतीने ‘गृह’चे पंचतारांकित आणि लीड (LEED) या अमेरिकी पद्धतीचे प्लॅटिनम अशी दोन्ही मानांकने घेतली आहेत. तिचे वास्तुविशारद क्रिस्टोफर बेनिंजर पुण्यातच स्थायिक झालेले होते. मानांकनामुळे सल्लागारांना एका टेबलावर बसावे लागते आणि गणिते कागदावर येतात, हा त्याचा मोठा फायदा आहे. माझ्या मते ते घ्यावे.

ओसरी

घ्यावे, याला माझी हरकत नाही. पण आरेखनाच्या वेळी मांडलेला विजेचा अंदाज आणि तिसऱ्या वर्षीचे बिल यांची तुलना झाल्याशिवाय इमारत पर्यावरणपूरक झाली असे मी म्हणणार नाही, आणि ही तुलना आपल्याकडे जवळपास कोणीच करत नाही.

या चर्चेतून समितीपुढे पुढील मागण्या ठेवणार आहे. नव्या क्षेत्रफळापैकी किती जुन्या इमारतीत भागते, याचा अहवाल वास्तुविशारद नेमण्याआधी. दिशेचा आणि झाडांचा नकाशा पहिल्या आराखड्याबरोबर. अंघोळीच्या पाण्याची वेगळी नळमार्गिका, जी खर्चकपातीच्या कोणत्याही फेरीत वगळता येणार नाही. आणि बांधकामखर्चाच्या शेजारी तीस वर्षांचा वीज, पाणी व देखभाल यांचा खर्च त्याच पानावर, म्हणजे छज्जा कापताना दुसऱ्या रकान्यातला आकडा वाढलेला सगळ्यांना दिसेल. वित्त अधिकाऱ्यांची संमती या शेवटच्या मागणीला मिळवणे सर्वांत कठीण आहे, याची मला कल्पना आहे, आणि तीच सोडायची माझी तयारी नाही.

गवंडी यांना एक विचारायचे आहे. वापर मोजण्यासाठी निविदेत नेमके काय लिहावे?

गवंडी

इमारतीला एकच मीटर असेल तर कशात किती वीज गेली हे कधीच कळत नाही. वातानुकूलन, दिवे व पंखे, प्रयोगशाळेची उपकरणे आणि पंप यांना वेगवेगळे उपमीटर लिहा. पाण्यासाठी ताजे पाणी, टाक्यांना जाणारे पुनर्वापराचे पाणी आणि बागेचे पाणी असे तीन. मीटर जिन्याजवळ, डोळ्यांच्या उंचीवर बसवायला सांगा. कुलूपबंद खोलीत बसवलेला मीटर कोणी वाचत नाही. विद्युत पटल बनतानाच त्यात उपमीटरची जागा ठेवायला लावा, नंतर ती मिळत नाही. मासिक नोंद संस्थेच्या संकेतस्थळावर टाकण्याची जबाबदारी स्थावर विभागातल्या एका पदावर नेमून द्या. बदलीने माणूस जातो, पद राहते. पुढच्या बैठकीआधी हवा असेल तर निविदेतल्या या कलमाचा मसुदा इथेच लिहून देतो.